तामान नेगारातली एक रात्र: वर्षावनातल्या मुक्कामी ट्रेकची आखणी

मलेशियातल्या तामान नेगारा राष्ट्रीय उद्यानात एक रात्र काढून यायचं म्हटलं, की सह्याद्रीत हिंडलेला माणूस आधी विचारतो, अंतर किती आणि चढ किती? अंतर दोन दिवसांत मिळून वीस किलोमीटरच्या आतबाहेर आणि चढ म्हणजे ओढ्यांच्या काठांवरची घसरडी चढउतर. राजगड-तोरणा केलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतात. तरीही दुपारी तीनच्या सुमाराला तोच माणूस एखाद्या ओंडक्यावर बसून बूट काढत, मुक्काम अजून किती लांब म्हणून विचारत असतो. विषुववृत्तापासून जेमतेम साडेचार अंशांवरच्या या जंगलात घाम सुकतच नाही. सकाळी भिजलेला शर्ट दुपारी भिजलेला, रात्री भिजलेला आणि दुसऱ्या दिवशीही भिजलेलाच.

म्हणून इथली आखणी उलट्या बाजूने करावी. रात्र कुठे काढायची ते आधी पक्कं करा. त्यावरून होडी ठरते, होडीवरून गट आणि खर्च, आणि शेवटी सॅक. चालण्याचा हिशेब त्यात आपोआप बसतो.

पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत पसरलेलं हे उद्यान ४,३४३ चौरस किलोमीटरचं आहे. १९३८-३९ मध्ये ब्रिटिश अमदानीत पंचम जॉर्जच्या नावाने ते राखीव झालं, स्वातंत्र्यानंतर त्याला आजचं नाव मिळालं. मलेशियाच्या द्वीपकल्पातलं सर्वांत उंच शिखर गुनुंग ताहान (२,१८७ मीटर) याच उद्यानात आहे, पण तिकडची मोहीम जवळजवळ आठवड्याची असते, तिचा विचार इथे नको. जंगल १३ कोटी वर्षांचं असल्याचं प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. मला त्याहून मोठी वाटते ती त्याची सपाटी. उंचावरची जंगलं बऱ्याच ठिकाणी टिकतात, कारण तिथे शेती परवडत नाही. खालची सपाट जंगलं आधी जातात. उद्यानाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाम तेलाचे आणि रबराचे मळे मैलोन्‌मैल लागतात. त्या मळ्यांच्या जागीही पूर्वी असंच जंगल होतं, उद्यानातलं तेवढं राहिलं.

आधी रात्र ठरवा

एका रात्रीसाठी दोन पर्याय सरळ आहेत.

पहिला बुंबुन कुंबांग. हे खांबांवर उभं केलेलं लाकडी लपण, म्हणजे जनावरं दडून पाहायची खोली आहे, समोर उघडी जागा आणि तिथे जनावरांची क्षार चाटायला येण्याची चाटण. आत दुमजली लाकडी बाकं, गादी-पांघरूण काही नाही, साधं शौचालय. उद्यानाच्या मुख्यालयापासून ते साधारण ११ किलोमीटर आहे आणि पायी पाच ते सात तास लागतात. दुसरी वाट होडीची. तेंबेलिंग नदीने क्वाला तेरेंगानपर्यंत जायचं आणि तिथून पाऊण तास चालायचं. जाताना पायी, येताना होडीने, असंही करता येतं.

दुसरा गुआ केपायांग, म्हणजे चुनखडीच्या डोंगरातली प्रशस्त गुहा. होडीने सुमारे दोन तास वर, क्वाला केनियामला उतरायचं. तिथून चार-पाच तास चालून गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी चालत क्वाला तेरेंगान आणि तिथून होडीने परत. उद्यानासमोरच्या क्वाला ताहान गावातले बहुतेक आयोजक ‘दोन दिवस एक रात्र’ म्हणून विकतात तो हाच ट्रेक.

जनावरं पाहायची तीव्र इच्छा असेल, सोबत दहा-बारा वर्षांची मुलं किंवा साठीपुढचे आईवडील असतील, तर लपणात जा आणि एक बाजू होडीने करा. पाय चांगले असतील आणि खुद्द जंगलातून चालण्याचीच हौस असेल तर गुहा. मात्र गुहेत एकांत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या सुट्ट्या असतात, तेव्हा त्या एका गुहेत तीन-चार गट अंथरुणं टाकून असतात. आपल्याकडे शनिवारी रात्री एखाद्या किल्ल्यावरच्या गुहेत जे होतं तेच, फक्त घोरण्यात भाषा जास्त.

लपणाच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांची नोंदणी पेरहिलितान या वन्यजीव खात्याच्या उद्यानातल्या कार्यालयात होते. ठरलेल्या तारखेला जागा आहे का हे विमानाची तिकिटं काढण्याआधी विचारून घ्या.

महिना

इथला मोठा पाऊस आपल्या उलट्या वेळी येतो. ईशान्य मोसमी वारे नोव्हेंबर ते जानेवारी धो-धो कोसळतात, फेब्रुवारीत ओसरतात. त्या काळात नद्या फुगतात, वाटा बंद होतात, होड्या थांबतात. मार्च ते सप्टेंबर हा चालण्याचा हंगाम. म्हणजे आपली एप्रिल-मेची सुट्टी बरोबर बसते, आणि दिवाळीची सुट्टी अवघड होते. नाताळात जायचा विचार असेल तर तो सोडा.

कोरडा हंगाम म्हणजे पाऊस नाही असं समजू नका, दुपारी तासभराची सर कधीही येते. उलट पाऊस फारच कमी झाला तर नदीचं पाणी उतरतं, होडीचा तळ वाळूला लागतो आणि उतारूंना उतरून काठाने चालावं किंवा होडी ढकलावी लागते. अशा वेळी केनियामचे दोन तास सहज तीन होतात. हंगामाच्या शेवटी जात असाल तर पहिल्या दिवसाच्या वेळापत्रकात एवढी ढील ठेवा.

क्वाला ताहानपर्यंत

मुंबईहून क्वालालंपूर थेट विमानाने पाच तासांच्या आसपास, घड्याळ अडीच तास पुढे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सवलत मुदतीची आहे आणि आजवर वाढवली गेली आहे, म्हणून तिकिटाआधी चालू स्थिती पाहा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं.

क्वालालंपूरहून जेरांतुतला बस तीनेक तासांत येते, पुढे क्वाला ताहान गाव दीड तास. पर्यटकांच्या व्हॅन थेट गावापर्यंत सोडतात. क्वाला तेंबेलिंगच्या धक्क्यावरून होडीने यायची सोय असेल तर जरूर या, अडीच-तीन तास लागतात. रोख पैसे जेरांतुतमध्येच काढा, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. गाव नदीच्या एका काठाला आणि उद्यान दुसऱ्या. मधे छोटी नाव किरकोळ पैशांत पलीकडे सोडते. प्रवेशपत्र आणि कॅमेऱ्याचा परवाना पलीकडच्या कार्यालयात मिळतो, तोही नाममात्र पैशांत. कागद जपून ठेवा, जंगलात विचारतात.

रात्रीच्या विमानाने आलात, की तसेच व्हॅनमध्ये बसून दुसऱ्या सकाळी ट्रेकला निघण्याचा मोह होतो. तसं करू नका. गावात एक पूर्ण दिवस काढा, त्या दमट हवेत सकाळ-संध्याकाळ थोडं हिंडा, आणि ज्या माणसाबरोबर जायचं त्याला भेटा. परतल्यावरही एक रात्र गावातच ठेवा. पावसाने होडी सहा तास उशिरा आली तर विमान चुकणार नाही, आणि कपडे वाळतील.

गाइड आणि गट

मुख्यालयाजवळच्या फळ्यांच्या वाटेवर एकट्याने फिरायला हरकत नाही. मुक्कामी ट्रेकला मात्र परवानाधारक गाइड घ्या. इथे वाट चुकली तर वर चढून दरी पाहून दिशा ठरवावी अशी सोय नसते. तीस-चाळीस मीटर उंच झाडांखाली सूर्य दिसत नाही, शिखर दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही. आडव्या पडलेल्या एका झाडाला वळसा घातला तरी वाट हातची जाते.

मलेशियात निसर्गवाटांच्या गाइडला हिरवा बिल्ला असतो. तो पाहायला मागण्यात संकोच नको. आयोजकाला विचारायचे प्रश्न मी साधारण याच क्रमाने विचारतो: आमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण येणार आणि त्याला आदल्या संध्याकाळी भेटता येईल का? गटात माणसं किती? होडी दोन्ही बाजूंची धरली आहे का? मॅट, मच्छरदाणी, स्वयंपाकाचं सामान कोण उचलणार? पाणी उकळून देणार की गाळून? कुणाचा पाय मुरगळला तर तिथून जवळची नदी कोणती आणि होडी कशी बोलावणार? शेवटच्या प्रश्नावर जो गाइड जागांची नावं घेऊन उत्तर देतो, त्याच्याबरोबर खुशाल निघा. ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच म्हणणाऱ्यासाठी अजून एक दुकान फिरून या, नदीवरच्या तरंगत्या उपाहारगृहांत आयोजक बरेच आहेत.

खर्चात सगळ्यात जड बाजू होडीची. ती दोघांना जेवढी पडते तेवढीच सहा जणांना. म्हणून दोघेच असाल तर आधी गावात पोचा आणि संध्याकाळी दुसऱ्या गटात सामील व्हा, मुंबईतून आगाऊ ‘खासगी ट्रेक’ घेण्यापेक्षा निम्म्यात होतं. चार-पाच मित्र असाल तर मात्र आगाऊ ठरवण्यात फायदा आहे, वेग आपला राहतो. आठांहून मोठ्या गटात मी जाणार नाही. ओळ लांब झाली की गाइड पुढे काय दाखवतो ते मागच्यांना कळत नाही, आणि जळवा मागच्यांनाच जास्त लागतात.

विमा काढताना ट्रेकिंग वगळलेलं नाही ना, तेवढी ओळ वाचा.

सॅक: ओलं आणि कोरडं

सॅक सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नका, पाणी धरून. आत भरताना एकच नियम: कपड्यांचे दोन संच, एक चालायचा आणि एक झोपायचा, आणि झोपायचा संच कोणत्याही कारणाने चालताना अंगावर येणार नाही. सकाळी कोरडे कपडे काढून कालचा गार, चिकट, वास मारणारा शर्ट पुन्हा चढवताना जीवावर येतं. ते करायचंच. नाहीतर दोन्ही संच ओले होतात आणि पहाटे कुडकुडण्याची वेळ येते. हो, तिथेही पहाट गार वाटते, ओल्या अंगाला.

सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिच्यात सगळं. बाहेरचं रेनकव्हर होडीत बसल्यावर उपयोगाचं नसतं, कारण पाणी तळातून येतं. होड्या लांब, अरुंद आणि पाण्याच्या अगदी जवळ असतात, नदीत जिथे खडकांवरून पाणी उसळतं तिथे मांडीपर्यंत भिजायला होतं. पासपोर्ट गावातल्या खोलीत ठेवा किंवा दोन कुलपी पिशव्यांत.

कपडे लवकर वाळणारे, अंगभर, सैल. जीन्स नको, सुती टी-शर्ट नको. झोपायला जाड स्लीपिंग बॅगऐवजी एक सुती चादर आणि पातळ पांघरूण पुरतं. हेडटॉर्च आणि जादा सेल प्रत्येकाचे स्वतंत्र. पाण्याच्या बाटल्या मिळून तीन लिटर. क्षारांची पाकिटं, म्हणजे इलेक्ट्रल किंवा तत्सम, माणशी चार तरी. डीट असलेलं मच्छरांचं मलम, बुरशीविरोधी पावडर, चिकटपट्ट्या, रोजची औषधं. स्त्रियांनी सॅनिटरी पॅड आणि वापरलेले परत आणायला काळी कुलपी पिशवी. जंगलात पुरलेलं जनावरं उकरतात.

बुटांबद्दल थोडं जास्त. महागडे जलरोधक बूट इथे त्रासच देतात. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर जात नाही. स्थानिक गाइड काळे, रबरी, खालून खिळ्यांसारख्या गुठळ्या असलेले स्वस्त बूट घालतात, त्यांना तिथे ‘आदिदास कांपुंग’ म्हणतात. पाणी शिरलं की ओतून टाकायचं. जेरांतुतमध्ये तुमच्या मापाचे मिळाले तर घ्या, पण आदल्या दिवशी मोज्यांसकट घालून फिरा. सह्याद्रीत वापरून मऊ झालेले, चांगली पकड असलेले साधे ट्रेकिंग बूटही चालतात. नवे कोरे कुठलेच नकोत. मुक्कामाला रबरी चपला.

जळवा

पावसाळ्यात कोयनेच्या किंवा आंबोलीच्या रानात गेलेल्याला जळवा नव्या नाहीत. इथे मात्र दोन जाती वेगळं वागतात. तपकिरी जळू जमिनीवरून बुटावर चढते आणि चावलेली कळत नाही. पट्ट्यांची जळू पानाच्या टोकावर, गुडघ्या-कमरेच्या उंचीवर वाट बघत उभी असते आणि ती चावली की झोंबतं. म्हणून लांब लीच सॉक्स घातले तरी कंबर, बगल, मान तपासावी लागते. शर्ट पँटमध्ये खोचा. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचा आपला उपाय तिथल्या गाइडांनाही ठाऊक आहे.

लागली तर ओढून काढू नका. नख त्वचेला चिकटवून आधी तिच्या निमुळत्या तोंडाखाली सरकवा, मग मागचं टोक. ती बोटाला चिकटते, तिची गोळी करून टिचकीने उडवा. रक्त न गोठण्याचा पदार्थ ती सोडते, त्यामुळे जखम तासन्‌तास झिरपत राहते. साबणाने धुऊन पट्टी दाबून बांधा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

खाणं

गाइड रांधतो ते साधारणपणे भात, अंडी, डब्यातले मासे, झटपट नूडल्स, बिस्किटं आणि गोड काळा चहा. शाकाहारी मंडळींनी आयोजकाला लेखी सांगावं आणि गाइडला तोंडी. ‘ताक माकान दागिंग, आयाम, ईकान’ म्हणजे मांस, कोंबडी, मासे खात नाही. एवढं सांगूनही सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, कोलंबीची बेलाचान किंवा सुकी बारीक मासळी असू शकते, ती तिथे कुणी मासे म्हणून मोजत नाही. सांबाल वगळून भात-अंडी-भाजी मागणं सोपं जातं.

घरून थोडं न्या. दशम्या आणि पोळ्या त्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबतात, बुरशी धरतात. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, खारे शेंगदाणे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे टिकतं. गरम भातावर मेतकूट घातलं की गाइडही वाटीभर मागतो. सगळं बंद पाकिटांत असू द्या. लपणात उंदीर धीट आहेत, ते सॅकची चेन पाहत नाहीत, कापड कुरतडतात. खाऊची पिशवी दोरीने वाशाला, भिंतीपासून दूर टांगा.

चालण्याचा दिवस

सूर्य साधारण सातला उगवतो आणि सव्वासातच्या सुमाराला मावळतो, पण झाडांखाली सहालाच टॉर्च लागते. म्हणून मुक्काम चारच्या आत गाठायचा असं ठरवून मागे मोजा. होडी नऊला सुटली, केनियामला अकरा वाजले, वाटेत जेवण, तर चार वाजता गुहा. दहाला सुटलात तर शेवटचा तास घाईचा होतो, आणि त्या मुळांवरून घाई म्हणजे मुरगळलेला पाय.

वेग ताशी दीड-दोन किलोमीटर धरा. तासाला दहा मिनिटं थांबा, तहान लागायची वाट न पाहता प्या, तीन बाटल्यांतली एक क्षार घातलेली. डोकं दुखायला लागलं, गार घाम आला, बोलणं कमी झालं, तर लगेच गाइडला सांगा. आपल्याकडे ‘चालेल, येतो मी’ म्हणत ओढत राहण्याची खोड आहे, ती इथे महागात पडते.

वाटेवर काय भेटतं? वेत भेटतो, सतत. त्याच्या दोरीसारख्या लांब टोकांना उलटे आकडे असतात, ते बाहीत अडकले की पुढे ओढू नका, अर्धं पाऊल मागे या, आपोआप सुटतात. पुढच्याने बाजूला केलेली फांदी मागच्याच्या तोंडावर येते, म्हणून दोन हात अंतर. आधारासाठी हात टेकण्याआधी खोडाकडे बघा, कारण काटे, मुंग्या आणि क्वचित आपल्या चापड्यासारखा हिरवा विषारी साप, सगळ्यांना तीच जागा आवडते. आडव्या ओंडक्यावरून उडी मारू नका, त्यावर चढा आणि पलीकडे काय आहे ते पाहून उतरा.

थांबल्यावर घामेजलेला शर्ट फांदीला टांगला की पाच मिनिटांत त्यावर माश्या-मधमाश्या घामाचं मीठ चाखायला जमतात. परत घालण्याआधी बाह्या उलट्या करून झटका. अनेकांना पहिला डंख जंगलात चालताना न बसता बगलेत बसतो तो असा.

जनावरांबद्दल स्पष्ट सांगतो. हत्ती, गवा, सांबर, भेकर, अस्वल, टॅपिर (आखूड सोंडेचं, डुकरासारखं दिसणारं जनावर), वाघ सगळे इथे आहेत आणि तुम्हाला बहुधा यांतलं काहीच दिवसा दिसणार नाही. २०१६ ते २०२० च्या राष्ट्रीय गणनेनुसार साऱ्या मलेशियात वाघ दीडशेच्या आत उरलेत. दिसतील त्या खुणा. गाइडला खुणा वाचायला लावा, तिथे पैसे वसूल होतात. टॅपिरच्या पुढच्या पावलाला चार बोटं आणि मागच्याला तीन, चिखलात स्पष्ट उमटतात. हत्तीची ताजी लीद वाटेत असली तर गाइड थांबून ऐकतो, तेव्हा तुम्हीही गप्प राहा. तो वाट बदलू म्हणाला तर हुज्जत नको. डोक्यावरून धनेश गेला तर पंखांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागून. आणि एखादा तुआलांग दाखवायला सांगा, सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत वाढणारं, गुळगुळीत फिकट खोडाचं झाड. उंचावर फांद्यांना आग्यामोहाची पोळी लोंबत असतात.

खरा धोका जनावरांचा कमी आणि झाडांचा-पाण्याचा जास्त. वारा सुटला की वाळल्या फांद्या कोसळतात, तेव्हा मोठ्या मेलेल्या झाडाखाली थांबायचं नाही. दूरवर पाऊस पडला की ओढ्याला अचानक लोंढा येतो, मलय लोक त्याला ‘केपाला आयर’ म्हणतात. पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर आंघोळ अर्धी टाकून वर चढा. ओढा चढला असेल तर गाइड म्हणेल तितका वेळ अलीकडेच बसा.

रात्र

गुहेत पोचलात की उजेड असताना तीन कामं उरका: ओढ्यावर अंग धुणं, जळवा तपासणं, कोरडे कपडे. मग झोपायची जागा भिंतीला खेटून न घेता थोडी मोकळी घ्या, वर वटवाघळं नाहीत ना ते टॉर्चने पाहा. विष्ठेचा थर असलेल्या कोपऱ्यात धूळ उडवू नका, दमेकऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी गुहेचा बेत डॉक्टरांशी बोलूनच करावा. बूट उलटे करून काठीवर अडकवा, सकाळी झटकून घाला.

दिवस कलला की सिकाडा, म्हणजे झाडांवरचे किरकिरणारे किडे, सुरू होतात. त्यांतला एक मोठा सिकाडा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बिगुलासारखा लांब आवाज देतो. गाइड त्यावरून सहा वाजले म्हणतात. जेवणानंतर गाइडबरोबर पंधरा मिनिटं बाहेर जा आणि सगळ्यांनी टॉर्च बंद करा. डोळे सरावले की कुजक्या पानांवरची बुरशी फिकट हिरवी चमकताना दिसते. मोबाइलच्या साध्या फोटोत सहसा येत नाही, प्रयत्नही करू नका.

लपणात असाल तर रात्र पाळीने जागवा. दोघांनी मिळून दोन-दोन तास, लाल काच किंवा मंद उजेड, बोलणं बंद. दर दहा-पंधरा मिनिटांनी चाटणीवर प्रकाश फिरवायचा आणि डोळे चमकतात का बघायचे. आधी दिसतात ती बहुधा हरणं. टॅपिर आला तर अर्धा काळा, अर्धा पांढरा ठोकळा हळूच चालतोय असं वाटतं. मुसळधार पाऊस असेल तर जागण्यात अर्थ नाही, झोपा. काहीच न दिसता सकाळ होण्याची शक्यता मोठी आहे, हे सोबतच्यांना मुंबईतच सांगून ठेवा म्हणजे गाइडवर राग निघत नाही.

दुसरा दिवस आणि बातेक वस्ती

परतीला निघताना मांडीच्या आतल्या बाजूला, बोटांच्या बेचक्यांत पावडर भरपूर लावा. ओल्या कपड्यांत चालून सोलवटलेली त्वचा हेच दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येण्याचं मुख्य कारण असतं. सॅक हलकी झालेली असते, त्यामुळे लोक वेग वाढवतात आणि उतरत्या काठांवर घसरतात. कचरा मोजून उचला, चहाच्या पिशव्या आणि अंड्याची टरफलंही.

होडी वाटेत बहुधा बातेक लोकांच्या वस्तीवर थांबते. बातेक हे इथले मूळ रहिवासी, आजही काही कुटुंबं जंगलात जागा बदलत राहतात. फुंकनळीने बाण मारून दाखवतात, घासून विस्तव पाडतात. कार्यक्रम ठरावीक असतो आणि पाहणाऱ्याला थोडं अवघडल्यासारखं होतं, मलाही झालं. जायचं की होडीत बसून राहायचं ते ज्याने त्याने ठरवावं. गेलात तर भेटीच्या पैशांतलं वस्तीला काय मिळतं ते आयोजकाला आधी विचारा, माणसांचे आणि खास करून मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, खाऊ वाटू नका. काही द्यावंसं वाटलं तर त्यांनी केलेली वेताची किंवा बांबूची वस्तू विकत घ्या. झोपड्यांच्या आत डोकावू नका.

परतल्यावर

गावात पोचल्या दिवशीच बूट ब्रशने घासून माती काढा, परदेशी माती विमानतळावर अडते आणि घरी आलेल्या ओल्या बुटांना दोन दिवसांत जो वास येतो तो जात नाही. कानामागे, काखेत, जांघेत गोचीड पाहा. जळवांच्या जखमा खाजवू नका, आठवडाभर खाज राहते.

पुढच्या महिनाभरात ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना सांगा की मलेशियाच्या जंगलात राहिलो होतो, नदीत आणि ओढ्यात उतरलो होतो, गुहेत झोपलो होतो. डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस आपल्या डॉक्टरांना पावसाळ्यामुळे माहीत असतात. तिथे माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी जातीचा मलेरियाही आहे, तो इकडे सहसा डोक्यात येत नाही आणि झपाट्याने वाढू शकतो. मलेरियाची तपासणी पहिल्याच दिवशी करून मागा, आणि ती निर्दोष येऊनही ताप राहिला तर पुन्हा करा. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे मात्र निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी विचारायचं काम आहे.